काकांच्या गाडीची टिकटिक

मला गाड्यांतलं काडीचं कळत नाही. बसलं, पट्टा लावला, जिथे जायचं तिथे पोचलं, संपलं. तरीही काकांच्या गाडीला कुणी खटारा म्हटलं की माझं डोकं फिरतं. मी फिजिओथेरपिस्ट आहे. एकदा दवाखान्यातल्या एका पेशंटने खिडकीतून ती गाडी पाहिली आणि विचारलं, "ही काय म्युझियममधून पळून आलीय?" त्याचा आखडलेला खांदा तेव्हा माझ्या हातात होता. तो मी जरा जास्तच फिरवला. तो ओरडला. म्हटलं, व्यायाम आहे, सहन करा.

गाडी जपानी. दोन दारांची, बुटकी, लांब नाकाची. मूळची लालभडक, पण टपावर ऊन खाऊन खाऊन आता विटकरी झालेली. पुढचे दिवे दिसतच नाहीत, बॉनेटमध्ये मिटलेले असतात. बटण दाबलं की दोन्ही वर उघडतात. उजवा लगेच, डावा जरा कुरकुरत, सकाळी उठवलेल्या माणसासारखा. लहानपणी मी त्या दिव्यांसमोर उभी राहून "पुन्हा, पुन्हा" म्हणायची आणि काका न कंटाळता ते उघडमिट करायचे. आत बसायचं तर आधी वाकायचं, मग घसरायचं आणि मग पाय ओढून घ्यायचे. मागची सीट नावालाच. तिथे मी आडवी बसून वाढले. उंची वाढली तशी पुढे बढती मिळाली.

काका म्हणजे माझ्या बाबांचे थोरले भाऊ. आयुष्यभर पत्र्याच्या डब्यांची झाकणं बनवणाऱ्या कारखान्यात होते. त्यामुळे शाळेत मला 'झाकण' म्हणायचे, ते असो. एकदा सुट्टीत ते मला कारखाना दाखवायला घेऊन गेले. लांबलचक शेड, दोन्ही बाजूंना माणसाच्या दुप्पट उंचीचे प्रेस, वरून पोलादी ठोकळा धाडकन खाली यायचा, पत्र्यातून गोल चकती कापली जायची आणि तयार झाकण घरंगळत पेटीत पडायचं. असे कितीतरी प्रेस एकदम. पायाखालची जमीन हलत होती. तिथे कुणी कुणाशी बोलत नव्हतं, सगळा कारभार हातवाऱ्यांवर. मी कानांत बोटं घालून उभी. काका मात्र एका प्रेसच्या अंगावर तळवा टेकवून शांत उभे होते, ताप बघावा तसे. मग त्यांनी एकदम हात वर केला, मशीन थांबवलं, आतला साचा काढला आणि मला दाखवला. त्याच्या कडेला नखाच्या टोकाएवढा टवका उडालेला होता. एवढ्या गदारोळात तो त्यांच्या तळव्याला कळला होता. मी तेव्हा लहान होते, पण आपण काहीतरी अचाट पाहिलं एवढं मला समजलं.

त्या शेडने काकांना सगळं दिलं आणि कान तेवढे ठेवून घेतले. हळूहळू, कुणाच्या लक्षातही येऊ न देता. आधी पक्षी गेले, मग दाराची घंटा, मग काकूचं पुटपुटणं.

गाडी त्यांनी एका दातांच्या डॉक्टरकडून घेतली. डॉक्टरला तिसरं मूल झालं आणि दोन दारांत संसार मावेना. तेव्हाच ती इतकी धावलेली होती, की बाबा म्हणाले, "दादा, आजीबाईला शर्यतीसाठी आणलंस का?" काका हसले. त्यांना राग आलेला मी कधी पाहिलाच नाही. राग यायचं खातं काकूकडे होतं.

काकूच्या नाकावर माशी बसत नाही. गाडीवरून तिला कुणी म्हणालं, "सवत आली हो घरात," की ती फणकारायची, "सवत परवडली असती. ही सासू आहे. सकाळी उठल्या उठल्या आधी हिची विचारपूस, मग माझी."

खरं तर काकूलाही ती गाडी आवडायची, पण ते तोंडाने कबूल करणं तिच्या स्वभावात नाही. त्याचा पुरावा मी डोळ्यांनी पाहिलाय. काकांनी एकदा मागच्या अंगणात पूर्ण इंजिन उघडलं. सुटे भाग ठेवायला कापड हवं होतं. काकूने कपाटातली फुलाफुलांची मोठी चादर काढून दिली, नवी कोरी. वर म्हणाली, "खराब करू नका," जणू ते शक्य होतं. काकांनी चादर अंथरली आणि काढलेला प्रत्येक भाग एकेका फुलावर ठेवत गेले. वरच्या भागाचे वरच्या रांगेतल्या फुलांवर, खालच्याचे खालच्या. बारीक स्क्रू कारखान्यातल्या झाकणांत, आणि ती झाकणंही फुलांवरच. संध्याकाळपर्यंत चादर भरून गेली. इंजिनाच्या जागी नुसती पोकळी. मला वाटलं, संपलं, आता हे पुन्हा काही उभं राहत नाही. मी रडवेली झाले.

दुसऱ्या दिवशी काकांनी एकेक फूल मोकळं करायला सुरुवात केली. मी शेजारी बसून चादर बघत होते. शेवटचं फूल रिकामं झालं तेव्हा त्यांच्या हातात एकही स्क्रू उरला नव्हता. त्यांनी किल्ली फिरवली. गाडीने एक आवंढा गिळला, आणि ती सुरू झाली.

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. इतक्या वर्षांत माणसाचं शरीर शिकले, गुडघे आणि कंबरा उभ्या केल्या, पण त्या अंगणात वाटलं तसं पुन्हा क्वचितच वाटलं. चादर अजून आहे. तेलाचे डाग धुऊन जात नाहीत, त्यामुळे आता तिच्यावर दोन प्रकारची फुलं आहेत.

त्यानंतर ते मला डोंगराच्या रस्त्यावर घेऊन गेले. मी पहिल्यांदाच पुढच्या सीटवर. सीट इतकी खाली, की रस्ता थेट पायांखालून वाहतोय असं वाटायचं. काका एरवी इतके सौम्य, की रस्त्यात कबुतर बसलेलं असेल तर ते उठेपर्यंत थांबतील. गाडीतही ते वेड्यासारखे पळवत नसत. पण वळण आलं की नुसतं मनगट हलायचं, गिअर बदलायचा, आणि गाडी वळणात अशी शिरायची, की जणू तो रस्ता कुणीतरी तिच्या मापाने शिवून दिलाय. चढावर त्यांनी पाय दाबला आणि इंजिनाचा आवाज चढत चढत गेला, आता थांबेल, आता थांबेल असं वाटूनही चढतच राहिला.

"काका, काय आवाज आहे!" मी ओरडले.

त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. "कसा आहे?"

"भारी!"

"भारी ना?" ते म्हणाले आणि खूश झाले.

पुढे ते दर वेळी विचारायचे. मी गाडीत बसले की थोड्या वेळाने हमखास, "कसा वाटतो गं आवाज?" आणि मी हमखास म्हणायची, "भारी." स्वतःला तो ऐकू येत नाही म्हणून विचारतात, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं. ते स्वतः गिअरच्या दांड्यावर तळवा ठेवून ऐकायचे. मला गाडी शिकवली तीही तशीच. "कानाकडे लक्ष नको देऊस," ते म्हणायचे, "हात ठेव. बघ, आता तिला पुढचा गिअर हवाय." मी हात ठेवायची. मला फक्त थरथर कळायची. त्यांना त्यात वाक्यं ऐकू यायची.

मी कॉलेजात होते तेव्हा कधीतरी ती टिकटिक सुरू झाली. इंजिन चालू असलं की आतून एक बारीक, नेमाने पडणारा आवाज, दूरच्या खोलीत कुणीतरी शिलाई मशीन चालवत असावं तसा. गल्लीत सगळ्यांना तो पाठ होता. शेजारचा कुत्रा त्या आवाजाला उठून बसायचा. काकांना त्याबद्दल कुणी काही बोललं नाही. का बोलायचं? ज्या माणसाने अख्खं इंजिन चादरीवर मांडून परत जोडलं, त्याला आम्ही सांगायचं, की तुमच्या गाडीतून आवाज येतो? आमची काय बिशाद! आम्ही धरूनच चाललो होतो, की त्यांना माहीत आहे आणि ती तशीच असायला हवी.

मीटरचा आकडा वाढत राहिला. एक दिवस काकांनी मला मुद्दाम बोलावून तो दाखवला. "इथून चंद्र जेवढा लांब आहे ना, तेवढी धावली ही आज. आता परतीला लागली." मी त्या झिजलेल्या रबरी पेडलांकडे आणि स्टिअरिंगवरच्या गुळगुळीत जागेकडे बघत राहिले. एवढं अंतर, आणि ते सगळं कारखाना, घर, बाजार, माझं कॉलेज आणि बाबांचं हॉस्पिटल यांच्या मधलं. बाबांच्या शेवटच्या आजारात रोज त्यांना नेणं-आणणं या गाडीनेच केलं. आजीबाई म्हणून हसलेला माणूस तिच्याच सीटवर मान टेकून डोळे मिटायचा.

काकांना गाडीइतकंच आणखी एका गोष्टीचं कौतुक होतं. कारखान्यात, बाजारात, जो भेटेल त्याला ते सांगत, "आमच्या घरी चहा माझ्याआधी दारात हजर असतो. मी लवकर येवो, उशिरा येवो, पाऊल टाकलं की कप भरलेला, वाफाळलेला. हिला आतून कळतं." काकू नाक मुरडायची. "आतूनबितून काही नाही," म्हणायची. काकांना तो तिचा विनय वाटायचा. काकूच्या अंगी विनय आहे असं मानणारा जगात तो एकच माणूस.

काका निवृत्त झाले आणि काकूने कानांचा विषय लावून धरला. "आमच्या घरातलं सगळ्या गल्लीला ठाऊक झालंय," ती मला म्हणाली, "यांना सोडून. ओरडून ओरडून माझा घसा गेला. आता यंत्र लावा, नाहीतर मी मुकी होते." काकांनी आढेवेढे घेतले, पण काकू मुकी होणार नाही हे त्यांनाही माहीत होतं. शेवटी कानांच्या डॉक्टरीणबाईंनी मोजमाप घेऊन दोन छोटी यंत्रं बसवली, कानामागे, बोराच्या बीएवढी.

पहिले काही दिवस घरात नुसता धुमाकूळ होता. काका एखाद्या पाहुण्यासारखे स्वतःच्या घरात फिरत आणि विचारत. "हा कसला आवाज?" फ्रिजचा. "हा?" तुमच्याच चपलांचा. "वर्तमानपत्र इतकं ओरडतं?" नळ, पंखा, पिशवी, बशीत ठेवलेला चमचा. एका सकाळी ते गच्चीच्या दारात तोंड उघडं ठेवून उभे होते. चिमण्या आल्या होत्या. डोळे भरून आले होते त्यांचे. म्हणाले, "मला वाटलं होतं, गावातल्या चिमण्याच कमी झाल्या."

फक्त काकूची पंचाईत झाली. इतकी वर्षं ती मनातलं सगळं हळू आवाजात बोलून मोकळी होत असे. आता पाठमोरे बसलेले काका शांतपणे म्हणायचे, "ऐकलं मी."

मला वाटलं, आता सगळं छान झालं. आणि तेव्हाच काकांनी गाडी काढायची बंद केली.

आधी लक्षात आलं नाही. मग एका भेटीत पाहिलं, तर गाडीवर ती फुलांची चादर घातलेली. "उन्हाने रंग जातो," काका म्हणाले. रंग गेला त्याला जमाना झाला होता. मी काकूला गाठलं. ती म्हणाली, "गुडघे धरलेत म्हणे. खाली बसवत नाही त्या सीटवर. विकायचं म्हणतायत."

गुडघे! गुडघे तर माझा धंदा. मी काकांना पलंगावर झोपवलं, दोन्ही पाय वाकवले, फिरवले, दाबले. चाळिशीतल्या माणसाला हेवा वाटावा असे गुडघे होते.

"काका, यांना काहीही झालेलं नाही."

"दुखतात."

"कुठे?"

त्यांनी मोघम बोट फिरवलं. काकांना खोटं बोलता येत नाही. डोळे छताकडे जातात. आताही गेले.

"काय झालंय ते सांगा ना."

"काही नाही गं. वय झालं. माझं नाही तर तिचं." आणि मूग गिळून बसले.

मी चिडले. फार चिडले. असं कुढत बसणाऱ्या माणसांचा मला संताप येतो, मग ते काका का असेनात. "बरं, राहा गप्प," म्हणून दार आपटून निघाले. आपटलेलं दार त्यांना आता नीट ऐकू आलं असणार, हे जिन्यात लक्षात आलं आणि वाईट वाटलं.

त्यानंतर सुट्टीच्या दिवशी सकाळीच काकूचा फोन. "अगं, ये लवकर. गाडी चाललीय. तो सुटे भाग विकणारा आलाय ट्रक घेऊन. सगळी उघडून विकणार म्हणतो. हे हो म्हणून बसलेत." काकूचा आवाज कापत होता. तिचा आवाज कापलेला मी त्याआधी एकदाच ऐकला होता, बाबा गेले तेव्हा.

मी पोचले तेव्हा फाटकासमोर सपाट पाठीचा ट्रक उभा होता. पार्टवाला, जाडजूड हसतमुख माणूस, गाडीभोवती फिरून दारं उघडत होता, काचा ठोकून बघत होता. चादर घडी घालून पायरीवर ठेवलेली. काका किल्ली हातात घेऊन उभे, इस्त्रीच्या शर्टात, लग्नघरातल्या मुलीच्या बापासारखे.

"दारं उत्तम," पार्टवाला म्हणत होता. "दिवे तर आता मिळतच नाहीत कुठे. सीट्स घेतो. गिअरबॉक्स घेतो."

"इंजिन मात्र कुणाला देऊ नका," काका म्हणाले. "ते गेलंय. मी फसवणार नाही तुम्हाला. दुसऱ्या कुणाच्या गाडीत बसवाल आणि रस्त्यात घात होईल."

"मग ते वितळवायला," पार्टवाला म्हणाला.

मी पुढे झाले. "काका, काय गेलंय इंजिनाचं? मागच्याच महिन्यात तुम्ही मला स्टेशनवर सोडलंत."

"तेव्हा मला ऐकू येत नव्हतं," ते म्हणाले. मग एकदम बांध फुटल्यासारखे बोलायला लागले. "यंत्र लावल्यावर पहिल्यांदा बसलो तिच्यात, आणि ऐकलं. आतून ठोके पडतायत. वरचं झाकण काढलं, व्हॉल्व्हच्या सगळ्या फटी तपासल्या. नेहमी ठेवतो तशाच होत्या, केसाचाही फरक नाही. म्हणजे आवाज वरचा नाहीच. खोल आहे, तळातला आहे. बेअरिंगं चाललीत तिची. आणि मी मूर्ख, हात ठेवून म्हणत होतो सगळं ठीक आहे. ती ओरडत होती आणि मी बहिरा तिला डोंगर चढवत होतो. उद्या तुझ्या काकूला शेजारी बसवून निघालो आणि वळणात इंजिन जागेवर जाम झालं तर? त्यापेक्षा अवयवदान बरं. तिचे दिवे कुणाच्या तरी गाडीत उघडतील."

ते इतकं एका दमात बोललेले मी कधी ऐकले नव्हते. पार्टवाल्यानेही हातातला दोर खाली ठेवला.

"कसले ठोके?" मी विचारलं. "मला ऐकवा."

त्यांनी वाकून किल्ली फिरवली. गाडी सुरू झाली. काका डोळे मिटून, चेहरा आकसून उभे. "हे. ऐकतेस? टिक टिक टिक."

मला क्षणभर कळेचना ते कशाबद्दल बोलतायत. टिकटिक तर येतच होती, पण ठोके कुठले? आणि मग कळलं.

"काका," मी म्हटलं, "ही? ही टिकटिक? अहो, ही मी कॉलेजात होते तेव्हापासून आहे."

त्यांनी डोळे उघडले. "काय?"

"तेव्हापासून. रोज. गल्लीतल्या कुत्र्याला विचारा. आम्हाला वाटलं तुम्हाला माहीत आहे. तुम्हाला कोण सांगणार!"

"बाबाला नेत होतो तेव्हा?"

"तेव्हाही."

"चंद्र झाला तेव्हा?"

"तेव्हाही, काका. अशीच. ना कमी ना जास्त."

त्यांनी बॉनेटवर हात ठेवला, तळवा पसरून, कारखान्यात ठेवायचे तसा. इतकी वर्षं. ऐकू येत नसताना, नुसत्या हाताच्या भरवशावर, चंद्राएवढा रस्ता. आणि हात एकदाही चुकला नव्हता. चुकला होता तो कान, तोही नवा. मी त्यांच्या हाताकडे बघत होते.

तेवढ्यात काकू दारातून गरजली. हातात कपबशी. "अहो, काय चाललंय? गाडी चालू केली म्हणून मी चहा गाळला आणि तुम्ही बाहेरच उभे!"

"अगं," काका म्हणाले, "ही टिकटिक... तुलाही ऐकू येते?"

"मला नाही तर कुणाला? तिच्या भरवशावरच तर मी चहा ठेवते. कोपऱ्यावर लॉन्ड्रीच्या भिंतीपाशी तुम्ही वेग कमी करता, तिथे ती भिंतीवर आपटून वाजते. वाजली की गॅस लावायचा. तुम्ही फाटक उघडून, गाडी लावून, तिची विचारपूस करून येईपर्यंत बरोबर उकळतो."

अंगणात गाडी तेवढी बोलत होती.

"मला वाटायचं," काका अगदी हळू म्हणाले, "तुला आतून कळतं."

"सांगत होते ना, आतूनबितून काही नाही म्हणून," काकू म्हणाली, पण तिची नजर कपात होती.

पार्टवाला धंदेवाईक माणूस, पण वाईट नव्हे. तो गाडीपाशी गेला, कान वाकडा करून ऐकलं, म्हणाला, "काका, बेअरिंगं नाहीत ही. वरच्या व्हॉल्व्हची फट आहे. किंचित सैल ठेवलीय, बाकी काही नाही." काकांनी मान डोलावली. फटी ते आधी कानाने लावत, कान गेल्यापासून तळव्याने लावत. तळव्याला जिथे गाडी सर्वांत सुखी वाटे, तिथे फट केसभर जास्त राहत होती. टिकटिक त्यांनीच घातली होती तिच्यात, त्यांना न कळता. म्हणूनच तपासताना सगळं 'नेहमीसारखं' निघालं.

पार्टवाल्याने दोर ट्रकमध्ये टाकला. जाताना म्हणाला, "एवढी धावलेली आणि इंजिन पहिलंच? माझ्या आवारात अशा चार आल्या, चारही मेलेल्या." थोडं थांबून पुढे म्हणाला, "डाव्या दिव्याची मोटर आहे माझ्याकडे. लागली तर कळवा." असा माल न घेता गेलेला व्यापारी मी पहिल्यांदाच पाहिला.

मग काका गाडीत बसले. मी शेजारी. भर सकाळच्या उन्हात त्यांनी दिवे उघडले. उजवा लगेच, डावा कुरकुरत. गल्ली संपली, मोठा रस्ता आला, मग डोंगराचा चढ. त्यांनी पाय दाबला. आवाज चढायला लागला, माझ्या लहानपणी चढला होता तसा, आता थांबेल, आता थांबेल, आणि थांबेना. काकांच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते पुसत नव्हते, कारण दोन्ही हात कामात होते.

वर माथ्यावर त्यांनी गाडी थांबवली.

"तू नुसतं 'भारी' म्हणायचीस," ते म्हणाले. "एवढं भारी आहे हे नाही सांगितलंस कधी."

मी काय सांगणार होते? मला तर आताही दुसरा शब्द सापडत नाही.

पुढच्या आठवड्यात गेले, तर अंगणात चादर अंथरलेली. काका फटी मोजायच्या पातळ पोलादी पात्यांचा जुडगा घेऊन बसले होते. आता कान आहेत तर फटी नीट लावू, टिकटिक बंद करू, असा बेत. इंजिनाचं वरचं झाकण एका फुलावर काढून ठेवलं होतं.

काकू स्वयंपाकघरातून आली, तिने चादरीकडे पाहिलं आणि कमरेवर हात ठेवले. "खबरदार हात लावलात तर."

"अगं, अर्ध्या तासाचं काम आहे. आवाज जाईल."

"मग मला कसं कळणार तुम्ही आलात ते?"

काका तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी पाती मिटवली, झाकण उचलून जागेवर बसवलं आणि चादरीची घडी घातली.

मी जायच्या आधी ते बाजारात जाऊन येतो म्हणून गाडी घेऊन निघाले. आम्ही दोघी स्वयंपाकघरात बोलत बसलो. काही वेळाने कोपऱ्यावर लॉन्ड्रीच्या भिंतीपाशी टिकटिक वाजली. काकू बोलता बोलता उठली, गॅस लावला, चहा उकळला, गाळला, कप टेबलावर ठेवला. फाटक काही वाजलं नाही. कपावरची वाफ गेली. टिकटिक मात्र कोपऱ्यावरून येतच होती, जागची हलत नव्हती. काकू खिडकीशी गेली, परत आली, पुन्हा गेली. तिचा जीव टांगणीला लागला होता, पण दाखवेल तर शपथ.

अखेर गाडी आली, फाटक वाजलं, काका आत आले.

"कोपऱ्यावर इतका वेळ काय करत होतात?" काकू कडाडली. "चहा पार थंडगार झाला!"

"काच खाली करून थांबलो होतो," काका म्हणाले. "ऐकत होतो."

"काय ऐकत होतात?"

"तुला रोज काय ऐकू येतं ते."

काकूने कप उचलला आणि चहा परत गॅसवर ठेवायला पाठमोरी झाली.